पुण्याच्या दक्षिणेचे शांत सायकल-रस्ते : पुरंदर, भोर, वेल्हे

रानवाट

पुण्यातून रोड बाइक काढायची म्हटलं की बहुतेकांची चाकं सिंहगड पायथा, कात्रजचा जुना बोगदा नाहीतर लोणावळ्याकडे वळतात. तिन्हीकडे रविवारी उजाडायच्या आत गाड्यांची रांग असते. पांढऱ्या रेघेच्या कडेने, हॉर्न ऐकत पन्नास किलोमीटर मारले तर व्यायाम होतो, पण सायकल चालवल्याचं समाधान काही मिळत नाही. म्हणून चर्चेसाठी हा धागा काढतोय. पुरंदर, भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) या भागात असे पुष्कळ रस्ते आहेत, जिथे तासाभरात एखादी एसटी, दुधाचा टेम्पो आणि चार-दोन दुचाक्या एवढीच वाहतूक भेटते.

आधी पुरंदरबद्दल लिहितो, कारण तो माझ्या रोजच्या फिरण्यातला आहे. बोपदेव किंवा दिवे घाट चढलात की तुम्ही पुण्यापेक्षा दीड-दोनशे मीटर उंच पठारावर येता. हे पठार सपाट नाही. कऱ्हेला मिळणारे ओढे त्याला आडवे कापत जातात. त्यामुळे रस्ता सारखा ओढ्यात उतरतो, फरशी पूल ओलांडतो आणि पलीकडच्या टेकाडावर चढतो. चढ छोटे असतात, दोन-तीन मिनिटांत संपणारे. मोठा घाट चढताना पाय एका लयीत चालतात. इथे गिअर सतत बदलावे लागतात आणि पन्नास किलोमीटरमध्ये मांड्या चांगल्या बोलू लागतात.

माझे तीन आवडते :

बोपदेव घाट चढून भिवरी, गराडे आणि मग सासवड. घाटात सकाळी सातनंतर नोकरदारांची गर्दी होते, तेव्हा साडेसहाच्या आत माथ्यावर असा. गराड्याच्या धरणाकडेने जाणारा रस्ता अरुंद आहे, पण दोन्हीकडे शेतं आणि समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी सतत दिसत राहते. बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथाचं देऊळ आहे. गावोगावी ‘कानिफनाथ रसवंतीगृह’ अशी पाटी दिसते ना, त्या नावाचं मूळ इथलं. या भागातल्या माणसांनी तो धंदा महाराष्ट्रभर नेला.

दुसरा, सासवडहून वनपुरी, सिंगापूर, पारगाव मेमाणे करत माळशिरस आणि भुलेश्वर. हा सगळ्यात मोकळा. झाडी कमी, आभाळ मोठं, सीताफळ-अंजिराच्या बागा आणि मध्ये माळ. भुलेश्वराच्या आत स्त्रीरूपातल्या गणेशाची, विनायकीची मूर्ती आहे, ती बघितल्याशिवाय परत फिरू नका. शेवटचा चढ तीव्र आहे.

तिसरा सासवड ते परिंचे ते वीर. इथे पुरंदर किल्ला मागे पडतो आणि नीरेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा रस्ता लागतो. येताना तोच उतार चढायचा असतो, हे लक्षात ठेवून पाणी घ्या.

तुमचे रस्ते लिहा. मुख्य म्हणजे ते कधी शांत असतात आणि कधी नसतात, ते लिहा.

घाटमाथा

उत्तम धागा. भोर-वेल्ह्याची भर घालतो.

कापूरहोळला महामार्ग सोडला की भोर तेरा-चौदा किलोमीटर. तो रस्ता बऱ्यापैकी वाहता आहे, तिथे रमू नका. खरी मजा भोरच्या पुढे सुरू होते. भाटघर धरणाच्या पाणलोटाकडेने भुतोंड्याकडे जाणारा रस्ता घ्या. धरण १९२८ सालचं, वेळवंडी नदीवरचं. पाण्याच्या फाट्यांमागून फाटे आहेत, त्यामुळे रस्ता प्रत्येक फाट्याला वळसा घालतो. पाण्यापलीकडे समोर दिसणारं गाव गाठायला कितीतरी वेळ लागतो. सरासरी वेग विसरायचा आणि चालवत राहायचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबऱ्याचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं.

भोर-मांढरदेवी-वाई हा घाट चढणाऱ्यांसाठी. एरवी शांत, पण पौषात काळूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत तिकडे फिरकू नका. वरंध घाटाकडे पावसाळ्यात जाऊ नका, दरडी कोसळतात आणि रस्ता वरचेवर बंद असतो.

वेल्ह्याचं म्हणाल तर पाबे घाट. खडकवासल्यावरून खानापूर, तिथून पाबे घाट चढून वेल्हे, मग मार्गासनी, नसरापूर. तोरणा आणि राजगड दोन्ही नजरेसमोर. मात्र शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांच्या गाड्या सकाळी जातात आणि दुपारी चार ते सहा परततात. त्या दोन तासांत नसरापूर-मार्गासनी पट्ट्यात असू नये.

मृदगंध

वाचनखूण साठवली. एक शंका. मी नकाशावर अरुंद रस्ता शोधून जाते आणि प्रत्यक्षात तिथे डंपर धावत असतात. शांत रस्ता घरबसल्या ओळखायचा कसा?

रानवाट

मृदगंध, रस्त्याचा दर्जा बघा. महामार्गाखाली राज्य मार्ग, त्याखाली प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), मग इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि शेवटी ग्रामीण मार्ग. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा माथा रंगवलेला असतो. पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्य, काळा किंवा निळा जिल्ह्याचा आणि केशरी म्हणजे ग्रामसडक. केशरी दगड दिसला की मी निर्धास्त होतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, आपल्याकडे २०१५ पासून मुख्यमंत्री ग्रामसडकही आहे. या योजनांनी वाड्या-वस्त्यांना जोडणारं जे डांबर पडलं, त्याच्यावरच आपण आज पातळ टायर घेऊन फिरू शकतो. हे रस्ते एका गाडीच्या रुंदीचे, पावणेचार मीटर किंवा त्याहून कमी. समोरून ट्रक आला तर दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं, म्हणून लांबचा प्रवासी या रस्त्याला येतच नाही. अरुंदपणा हेच आपलं संरक्षण.

रस्त्याच्या सुरुवातीला योजनेचा फलक असतो, तो थांबून वाचा. लांबी, काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदाराकडे असलेली पाच वर्षांची देखभाल, सगळं लिहिलेलं असतं. मुदत उलटून बराच काळ गेला असेल तर पुढे खड्डे आहेत असं समजा.

डंपरचं उत्तर उपग्रह-नकाशात आहे. रस्त्याच्या टोकाला डोंगराचा पांढरट कापलेला तुकडा दिसला तर ती खडी क्रशरची खाण. तो रस्ता कितीही अरुंद असो, सोडून द्या.

नीरथडी

मी नीरेकाठचा आहे, म्हणून एक गोष्ट जीव तोडून सांगतो. वीर, नीरा, सोमेश्वरनगर, मोरगावच्या खालचा भाग, हे सगळं उसाचं. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. नेमका तोच तुमचा सायकलचा मोसम. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. पहाटेच्या अंधारात अशी ट्रॉली रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी असते. मागे दगड लावलेले असतात, आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तसेच रस्त्यावर राहतात. अंधारात पुढचं चाक त्यावर गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

तेव्हा नोव्हेंबर ते मार्च इकडे येणार असाल तर सूर्य उगवल्यावरच या. पुढचा दिवा चांगला ताकदीचा घ्या, दिवसाही मागचा लाल लुकलुकता ठेवा. ट्रॅक्टरच्या मागे चिकटून वारा वाचवू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, आणि गाण्याच्या आवाजात ऐकूही येत नाही.

एप्रिल-मेमध्ये हेच रस्ते ओस पडतात, पण तेव्हा ऊन मारतं. माझ्या मते जुलै ते सप्टेंबर उत्तम. नीरेच्या या बाजूला घाटासारखा धो-धो पाऊस नसतो, भुरभुर असते. नीरा डावा कालवा १८८५ सालचा आहे, त्याच्या कडेची जुनी झाडं बघत जायला तेव्हा फार छान वाटतं. कालव्याची वाट कच्ची आहे, रोड बाइक घालू नका, समांतर डांबरी रस्ता धरा.

अनघा_पु

मी बहुतेक वेळा एकटी जाते. इथे बायका कमी लिहितात म्हणून थोडं सविस्तर.

निर्मनुष्य रस्ता आणि शांत रस्ता यांत मी फरक करते. दर चार-पाच किलोमीटरला वस्ती हवी. शाळेची वेळ, दूध घालायची वेळ, या वेळांना रस्त्यावर बायका आणि पोरं असतात, मी तेव्हाच तिथे असेन असं बघते. सकाळी साडेसात ते दहा पुरंदरचे गावरस्ते मला घरच्यासारखे वाटतात. दुपारी दीड ते साडेतीन, सगळे जेवून आडवे झालेले असताना, माळावरचे लांब टप्पे टाळते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे. मोरगाव, जेजुरी, नारायणपूर अशा देवस्थानांच्या ठिकाणी सोय असते, म्हणून मी रस्ता असा आखते की मध्ये एक देवस्थान येईल. नाहीतर एखाद्या घरासमोर थांबून तिथल्या मावशींना सरळ विचारते. नकार मला कुणी दिलेला नाही, उलट चहा होतो. फक्त घाईत असल्याचं दाखवू नये. पाच मिनिटं बसावं, कुठून आली, घरी कोण असतं, हे सांगावं. त्या मावशी पुढच्या खेपेला हात करतात आणि त्या रस्त्यावर आपलं एक ओळखीचं घर होतं.

नारायणपूरला पौर्णिमेला आणि गुरुवारी दत्ताच्या दर्शनाची गर्दी असते. केतकावळ्याच्या बालाजीला रविवारी बसच्या बस येतात. जेजुरीला सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठी. कॅलेंडर बघूनच निघा. आषाढी वारीला, ज्येष्ठ वद्यात, माउलींची पालखी दिवे घाटातून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा अशी जाते, तेव्हा हा पट्टा वारकऱ्यांचा. सायकल घरी ठेवून चालायला जावं.

घाटमाथा

अनघाताई, फार मोलाचं लिहिलंत. वस्तीच्या अंतराचा मुद्दा पुरुषांनीही ध्यानात घ्यावा. पडलं-झडलं तर माणूस जवळ हवा.

एकचाकोरी

थोडा विरोध नोंदवतो. असे रस्ते नावानिशी जाहीर लिहिणं मला पटत नाही. सिंहगडाच्या रस्त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एकाने लिहायचं, दहाजणांनी फोटो टाकायचे, मग गाड्या, मग रिसॉर्ट. जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरसाठी जिल्ह्यातले बरेच रस्ते नव्याने केले गेले. शर्यत छान झाली, पण गुळगुळीत डांबरावर आता मोटारीही वेगाने येणार. शांतता टिकवायची असेल तर माहिती तोंडी द्यावी, विश्वासातल्या माणसाला.

रानवाट

एकचाकोरी, तुमची तळमळ समजते. पण मोटारवाला केशरी दगडाच्या रस्त्याला आपला धागा वाचून येत नाही. तो धबधबा, किल्ला किंवा मिसळ शोधत येतो. आपण ज्या रस्त्यांबद्दल बोलतोय तिथे यातलं काहीच नाही. टेकाडं, बाजरी आणि फरशी पूल. ते बघायला सायकलवालाच येईल. आणि हे रस्ते वापरात आहेत, लोकांना हवे आहेत, हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं. कारण ज्यांची नोंद नाही त्यांच्यावरून काहीही जाऊ शकतं.

पारगावकर

रानवाट दादांच्या शेवटच्या वाक्याला धरून. मी पारगावचा. तुम्ही ज्याला सगळ्यात मोकळा रस्ता म्हणता तो वनपुरी-पारगावचा भाग नियोजित पुरंदर विमानतळाच्या सात गावांतला आहे. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. मोजणीला विरोध झाला, मोर्चे निघाले, ते पेपरात वाचलं असेल. आमच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागा उभ्या करायला एकेका घराची हयात गेली आहे. विमानतळ व्हावा की नको यावर इथे वाद घालायचा नाही, तो धाग्याचा विषय नाही. एवढंच म्हणतो की तुम्ही या रस्त्यांनी येत राहा, थांबत राहा, बागेत या. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजिराचा मीठा बहार (गोड फळांचा हंगाम) असतो, तेव्हा झाडावरचं पिकलेलं अंजीर खाऊन बघा. शहरात पेटीतून जातं ते निब्बर तोडलेलं असतं, चव तिथेच निम्मी होते.

सायकलवाल्यांना दोन विनंत्या. वीस-वीस जण तीन रांगा करून चालवता तेव्हा मागे वैरणीची गाडी, शाळेची पोरं अडकून राहतात. दोघे-तिघे या, मागून आवाज आला की एका रांगेत व्हा. आणि ती गोड जेलची चकचकीत पाकिटं शेतात टाकू नका. शेळ्या खातात.

मृदगंध

पारगावकर, पाकिटांबद्दल लिहिलंत ते बरं झालं. आमच्या ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकते.

लिंबर्गहून_वर्षा

मी बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात राहते. माहेर सासवडचं, त्यामुळे धागा वाचताना डोळे भरून आले. इथली एक पद्धत सांगते, आपल्याकडे उपयोगी पडेल. ह्युगो बोलेन नावाचे खाणीतले अभियंता होते. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर त्यांनी १९९५ मध्ये सायकलच्या रस्त्यांना खाणीतली युक्ती लावली. जिथे दोन वाटा मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक, आणि तिथून पुढच्या क्रमांकांकडे बाण. निघताना हँडलवर चिठ्ठी चिकटवायची : ७२, ७३, ५५, ५६. बस्स. फोन बघावा लागत नाही, आणि फेरी लांब-आखूड करायची तर एखादा क्रमांक गाळायचा. आज ही पद्धत सगळ्या फ्लँडर्समध्ये आणि नेदरलँड्समध्ये आहे.

तिकडे पाट्या लागायची वाट बघायला नको. फाट्यांची यादी केली तरी काम होईल.

रानवाट

वर्षाताई, ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे क्रमांकही नकोत, फाट्यांना नावं आहेतच. वाघापूर चौफुला, चेलाडी फाटा. चौफुल्यावर उभं राहून विचारलं की टपरीवाला चारी दिशांची गावं सांगतो, शिवाय कुठल्या बाजूला काम चालू आहे तेही. चिठ्ठीवर फाटे लिहायचे आणि त्यांच्यामधली अंतरं. पुरंदरची यादी मी करायला घेतो. भोर घाटमाथा करतील, नीरेची बाजू नीरथडी.

नीरथडी

करतो. प्रत्येक फाट्यापुढे पिण्याचं पाणी आहे की नाही तेही लिहू.

घाटमाथा

मी घेतली भोरची जबाबदारी. त्यात फरशी पुलांची खूणही टाकणार. पावसाळ्यात या पुलांवर पाणी पातळ थरात वाहतं आणि काँक्रीटवर शेवाळ धरतं. काळपट हिरवा पट्टा दिसतो, कोरडा वाटला तरी निसरडा असतो. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. आधीच वेग कमी करून सरळ जाऊ द्यायचं. पाण्याखालचा काँक्रीट दिसत नसेल तर उतरून थांबायचं, पाणी ओसरेपर्यंत. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून त्या शेवाळावर चालणं तर आणखी वाईट, बूट काढून हातात घ्या.

सुताराचा_नातू

बाभळीच्या काट्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! माळावरच्या रस्त्यांचा तो खरा त्रास. कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, ट्रॅक्टरला अडकून त्या रस्त्यावर पडतात. काटा टायरमध्ये घुसतो आणि त्याचं टोक रबराच्या आत मोडतं. बाहेरून काहीच दिसत नाही. ट्यूब बदलून निघालात की थोड्याच अंतरावर पुन्हा चाक बसतं.

म्हणून ट्यूब काढताना व्हॉल्व टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवायचं. ट्यूबला हवा भरून भोक शोधायचं, व्हॉल्वपासून अंतर मोजून टायरवर तीच जागा गाठायची. मग कापसाचा बोळा टायरच्या आतून हळू फिरवायचा. टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. बोटाने शोधू नका, टोक नखात जातं. ते आतून ढकलायचं आणि बाहेरून बारीक चिमट्याने ओढायचं. कापूस आणि चिमटा माझ्या सीटखालच्या पिशवीत कायम असतो. टायर २८ किंवा ३२ मिमी घ्या, २३ चे दिवस या रस्त्यांवर नकोतच.

अनघा_पु

कापसाची युक्ती झकास. आणि कुत्र्यांचं? वस्तीवरची, धनगरवाड्यांजवळची कुत्री मागे लागतात तेव्हा मी उतरते, सायकल माझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरते आणि चालत पुढे जाते. पळालं की ते धावतं, चाललं की बहुतेकदा हद्द संपल्यावर थांबतं. मालकाला हाक मारली तर लगेच बाहेर येतो.

मृदगंध

येत्या बुधवारी सुट्टी आहे. बोपदेव, भिवरी, गराडे, सासवड आणि परत असं ठरवतेय. घाट पहिल्यांदाच चढणार. गिअरच्या चाकांचे दाते पुढे ५०-३४, मागे ११-२८ आहेत. जमेल ना?

रानवाट

बोपदेवला जमेल, पण मागे ३२ दात्यांचं चाक असेल तर पाय ताजे राहतील आणि पुढची टेकाडं सुखाची होतील. कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बदलणार असाल तर डिरेलरला (साखळी सरकवणाऱ्या भागाला) ३२ चालतो का ते दुकानात आधी विचारा, आणि बुधवारच्या आधी एकदा चालवून गिअर लावून घ्या. पाबे घाट मात्र २८ वर नको.

निघताना दोन बाटल्या भरून घ्या आणि घाटमाथ्यावर जॅकेट घाला, तिथे वारा असतो. परत त्याच घाटाने उतरण्याऐवजी गराड्याहून मरीआई घाटाने खेड-शिवापूरला उतरता येतं, पण मग महामार्गाचा पट्टा येतो आणि कात्रज चढावा लागतो. पहिल्या खेपेला बोपदेवनेच उतरा, दहाच्या आत, आणि गावांजवळच्या न रंगवलेल्या गतिरोधकांकडे लक्ष ठेवा.

पारगावकर

सासवडला वेळ असेल तर कऱ्हेकाठी संगमेश्वराच्या देवळात जा ताई, सकाळी तिथे कुणी नसतं.